प्रॉमिनन्स खरंच हलला, की आपल्याला तसं वाटलं?

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या विज्ञानशिक्षकांचा प्रश्न आहे. चाळीस मिलिमीटरचा हायड्रोजन-अल्फा टेलिस्कोप, म्हणजे हायड्रोजनच्या एका ठरावीक तांबड्या प्रकाशातच सूर्य दाखवणारा, वापरलेला मिळाला, म्हणून त्यांनी घेतला. सूर्याच्या कडेला प्रॉमिनन्स, म्हणजे त्या लालसर ज्वाळा, दिसतात, पण आतली रचना धुरकट. अर्धा अर्धा तास डोळा लावून बसलं तरी काही हलत नाही, आणि दुपारी पुन्हा बघावं तर सकाळचा आकार जागेवर नसतो. मग जे बदललं ते सूर्यावर बदललं की आपल्या बघण्यात? शिवाय मुलांना दाखवायला आणखी एक फिल्टर जोडून डबल स्टॅक करावा का, असंही त्यांनी विचारलंय.

सर, यातला मधला प्रश्न खरा. बाकीच्यांची उत्तरं त्याच्या ओघात येतील. हवा, फिल्टरचं ट्यूनिंग, सूर्याचं स्वतःभोवती फिरणं आणि आपल्या टेलिस्कोपची बैठक, हे चौघे मिळून प्रॉमिनन्सला जेवढं हलवतात तेवढा तो स्वतः बऱ्याचदा हललेला नसतो. आधी या चौघांचा हिशोब करायचा. उरेल ती सूर्याची हालचाल.

थोडी मापं लागतील. पृथ्वीवरून पाहताना सूर्यावरचा एक आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. हायड्रोजन-अल्फाच्या ६५६.२८ नॅनोमीटर प्रकाशात ४० मिमी भिंगाला साधारण चार आर्कसेकंदांपर्यंतचा तपशील वेगळा करता येतो, म्हणजे सूर्यावर तीन हजार किलोमीटर. ६० मिमीला दोन हजार. प्रॉमिनन्समधले बारीक धागे काहीशे किलोमीटर जाडीचे असतात, ते तुम्हालाही दिसणार नाहीत आणि मलाही नाहीत. आपल्याला दिसतात ते धाग्यांचे जुडगे. त्यामुळे ‘रचना धुरकट’ ही तक्रार काही अंशी भिंगाच्या व्यासाचीच आहे. काही अंशी म्हणतो, कारण पूर्ण प्रॉमिनन्स बहुधा दहा हजारांपासून पन्नास हजार किलोमीटरपर्यंत उंच असतो आणि लांबीला लाखाच्या घरात सहज जातो. त्यात तीन हजार किलोमीटरच्या पायरीनेही बघण्यासारखं भरपूर असतं.

आता वेग. कडेवर दिवसेंदिवस टिकून राहणाऱ्या शांत प्रॉमिनन्समध्ये वायू साधारण सेकंदाला ५ ते २० किलोमीटर वेगाने सरकत असतो. ऐकायला हा वेग प्रचंड वाटतो. पण १० किलोमीटरच्या हिशोबाने पाच मिनिटांत झाले तीन हजार किलोमीटर, म्हणजे तुमच्या टेलिस्कोपची जेमतेम एक पायरी. ती डोळ्याला जाणवत नाही. सलग टक लावून बसलं तर मुळीच नाही, कारण डोळा सावकाश बदलाला सरावतो. म्हणून टक लावू नका. चित्र काढा, पंधरा-वीस मिनिटं दुसरं काम करा, परत येऊन पहिलं चित्र न बघता दुसरं काढा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. कागद साधा चालतो, पेन्सिल टोकदार हवी. एका सकाळी सगळी कड फिरून दहा प्रॉमिनन्स मोजण्यापेक्षा एकाच्याच मागे दोन तास राहावं, असं माझं ठाम मत आहे.

शांत प्रॉमिनन्स ‘शांत’ असतो तो आकाराने, आतल्या द्रव्याने नव्हे. गोकाकचा धबधबा पुलावरून बघितला तर पांढरा पट्टा जागच्या जागी असतो, पाणी मात्र क्षणाक्षणाला नवं असतं. तसंच हे आहे. त्याच्या आतलं तापमान सात ते दहा हजार केल्विन, आणि भोवतालच्या करोनाचं, म्हणजे सूर्याच्या विरळ बाह्य वातावरणाचं, दहा लाखांच्या वर. घनताही करोनापेक्षा शंभरेक पट जास्त. एवढा थंड, जड वायू इतक्या उंचीवर राहतो कसा, तर चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने. सूर्याच्या पृष्ठभागावर उत्तर आणि दक्षिण ध्रुवीयतेचे पट्टे जिथे एकमेकांना भिडतात, त्या रेषेच्या वरती क्षेत्ररेषा मध्येच खोलगट होतात आणि वायू त्या खोलगटात साठतो. किपेनहान आणि श्लुटर यांनी १९५७ साली या आधाराचं गणित मांडलं. गंमत म्हणजे मोजमापात क्षेत्र बहुतांशी आडवं येतं, आणि कडेवर आपल्याला धागे उभे दिसतात. खोलगट जागांची एकावर एक रांग लागते म्हणून असं दिसतं, हे एक स्पष्टीकरण. पण २००६ साली सोडलेल्या हिनोदे उपग्रहाने या धाग्यांतून वायू खाली ओघळताना आणि काळे फुगे वर चढताना दाखवले, तेव्हापासून चर्चा अजून रंगली आहे.

बघताना मला तीन-चार ठेवणी पुरतात. इटालियन खगोलशास्त्रज्ञ सेक्की यांनी एकोणिसाव्या शतकात शांत आणि उसळणारे असे दोन मुख्य गट पाडले, त्यात मी फार भर घातलेली नाही. पहिली ठेवण कुंपणाची: उभ्या जुडग्यांची ओळ, मध्ये फटी, खाली दोन-चार पाय कडेला टेकलेले. दुसरी कमानींची, सौरडागांच्या गटाजवळ, बारीक आणि तेजस्वी. मोठ्या फ्लेअरनंतर, म्हणजे डागांजवळच्या अचानक स्फोटानंतर, अशा कमानींतून वायू दोन्ही बाजूंनी खाली वाहताना दिसतो आणि हीच तुमच्या टेलिस्कोपला सर्वांत लवकर दिसणारी हालचाल. तिथे वेग ५० ते १०० किलोमीटर असतो, म्हणजे मिनिटाला चार ते आठ आर्कसेकंद. तिसरी सर्ज: सरळ उडालेली तलवारीसारखी रेघ, बहुधा अर्ध्या तासाच्या आत त्याच वाटेने परत. चौथी उसळी, तिच्याकडे शेवटी येतो. धड कुठल्याच ठेवणीत न बसणारेही पुष्कळ असतात. त्यांना नाव देण्याची घाई करू नका, नुसतं चित्र काढा.

आता हवा. आपल्या भागात हाच विषय सर्वांत मोठा आहे, कारण दिवसाची हवा रात्रीसारखी नसते. ऊन जमिनीला तापवतं, जमीन हवेला, आणि त्या उकळत्या थरातून आपण बघतो. सूर्य फार खाली असताना हवेचा जाड थर आड येतो, फार वर आला की जमीन तापलेली असते. मधली खिडकी सूर्योदयानंतर सव्वा ते अडीच तासांची. जानेवारीत बेळगावला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. नऊला तो पंचवीसेक अंश वर असतो. कासराभर दिवस वर आल्यावर मांडायला घ्या आणि साडेनऊपर्यंत मुख्य काम उरका. तुमच्या शाळेच्या वेळेत हे बसत नाही, कल्पना आहे. रविवार धरा.

जागा निवडताना पायाखाली काय आहे एवढंच बघू नका. सकाळी तुमची नजर पूर्वेला, तिरकी जाते. पूर्वेला शंभर-दोनशे पावलांत जे असेल त्याच्या वरची हवा तुमच्या चित्रात उतरते. पत्र्याची शेड किंवा सिमेंटची स्लॅब असेल तर नऊ वाजताच कड उकळायला लागते. कौलांचंही तेच. उभा ऊस, भाताचं ओलं खाचर किंवा तळं असेल तर तासभर जास्त मिळतो, कारण हिरवं पीक आणि पाणी उन्हात तेवढे तापत नाहीत. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली ती याच कारणासाठी. आपल्याकडे राकसकोप आणि हिडकल या दोन्ही जलाशयांचे पश्चिमेचे काठ या कामाला चांगले, फक्त थंडीत पाण्यावरचं धुकं विरायची वाट बघावी लागते. निपाणी-चिकोडीकडच्या मित्रांनी सुगीनंतरच्या नांगरलेल्या काळ्या रानात मांडू नये. कोरडी काळी माती लवकर तापते.

पारदर्शकता ही वेगळी गोष्ट. पाऊस संपल्यावर हवा धुऊन निघते, दिवाळीच्या आगेमागे आकाश निळंशार असतं आणि प्रॉमिनन्सच्या फिक्या कडा शेवटपर्यंत दिसतात. पुढे गळीत हंगाम सुरू झाला की पाचट जाळल्याचा धूर, गुऱ्हाळांचा धूर, सकाळचं धुकं हे सगळं खाली साचतं. मग आकाश पांढुरकं होतं, सूर्याभोवतीचा उजेड वाढतो आणि प्रॉमिनन्सचा फिका भाग त्यात बुडतो. आठला साठ हजार किलोमीटर उंच मोजलेला प्रॉमिनन्स दहाला पंचेचाळीस हजारांचा भरला, तर तो खाली आला असं लगेच लिहू नका. विरुद्ध कडेचा दुसरा एखादा प्रॉमिनन्स बघा. तोही तेवढाच आखडला असेल तर दोष हवेचा. नेहमी दोन प्रॉमिनन्स धरायचे, एक अभ्यासाचा आणि एक साक्षीला. दोघे एकाच वेळी बदलले की सूर्याला मोकळा सोडायचा.

मार्चनंतर वारा सुटतो, त्याने टेलिस्कोप हलतो पण हवा कधी कधी स्थिर होते. वळवाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सोडू नये. जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला बोलायलाच नको, तेव्हा टेलिस्कोप हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. हायड्रोजन-अल्फा यंत्रांतल्या काही फिल्टरना दमट हवा सोसत नाही, काचेवर पांढुरका थर येतो आणि चित्र हळूहळू मंद होतं. वापरलेला टेलिस्कोप घेतलाय, म्हणून हे आधी तपासा: आयपीस काढून, सूर्यापासून दुसरीकडे तोंड करून, घराच्या उजेडात पुढचं भिंग आणि मागचा ब्लॉकिंग फिल्टर बघा. डाग, सोललेला लेप किंवा दुधाळपणा असेल तर फिल्टर बदलेपर्यंत सूर्याकडे वळवू नका.

सुरक्षिततेचं एवढंच, पण मुलं आहेत म्हणून ठासून सांगतो. तेजोमेघांच्या फोटोसाठी विकतात ते हायड्रोजन-अल्फा फिल्टर वेगळे, ते लावून सूर्याकडे बघणं म्हणजे डोळा घालवणं. ग्रहणाचे चष्मे टेलिस्कोपच्या मागे चालत नाहीत. टेलिस्कोपच्या पुढच्या तोंडावर बसवलेली पांढऱ्या प्रकाशाची सोलर फिल्म डोळ्याला सुरक्षित असते, पण तिच्यातून डाग दिसतात, प्रॉमिनन्स नाही. आणि फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) असेल तर तो काढूनच ठेवा. नळीची सावली जमिनीवर सर्वांत लहान झाली की सूर्य सापडतो.

डोळ्यावर अंधार हवा. डोक्यावरून काळं कापड घेतल्याशिवाय फिक्या कडा दिसत नाहीत. थंडीत सकाळी धनगरी घोंगडं याच्यासारखं दुसरं काही नाही. उन्हाळ्यात मात्र दहा मिनिटांत जीव नकोसा होतो, तेव्हा दुहेरी काळं सुती कापड. ४० मिमीला ४० ते ५० पट मोठं करणं पुरे. त्यापुढे चित्र मोठं होतं, माहिती वाढत नाही. फोकस प्रॉमिनन्सवर करू नका, तो मुळातच मऊ कडांचा असतो. सूर्याच्या कडेवर स्पिक्यूलची, म्हणजे वायूच्या इवल्या कारंज्यांची, बारीक खरबरीत झालर असते, ती टोचल्यासारखी दिसेपर्यंत फोकस करा. प्रॉमिनन्स आपोआप नीट येतो.

ट्यूनिंगकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि तिथेच सर्वांत जास्त फसतात. तुमच्या यंत्राचा पट्टा, म्हणजे फिल्टर जेवढ्या तरंगलांबीचा प्रकाश आत सोडतो ती रुंदी, एक अँगस्ट्रॉमच्या (नॅनोमीटरच्या दहाव्या भागाच्या) आसपास असेल. वायू आपल्याकडे येत असेल किंवा आपल्यापासून दूर जात असेल तर डॉप्लर परिणामाने त्याची रेषा, म्हणजे त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी, सरकते. सेकंदाला ५० किलोमीटर वेगाला हे सरकणं १.१ अँगस्ट्रॉम होतं, म्हणजे तो वायू तुमच्या पट्ट्याच्या बाहेरच गेला. पट्ट्याच्या मध्यापासून अर्धा अँगस्ट्रॉम सरकायला, म्हणजे फिल्टरमधून येणारा प्रकाश निम्म्यावर यायला, २३ किलोमीटर वेगही पुरतो. म्हणून प्रॉमिनन्सचा एखादा पाय डोळ्यांदेखत विरला, तर तो विझला असेल, तापून हायड्रोजन-अल्फात दिसेनासा झाला असेल, किंवा नुसता तुमच्या दिशेने धावत सुटला असेल. उत्तर ट्यूनिंगच्या रिंगमध्ये आहे. रिंग हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवा. निळ्या बाजूला तो पाय परत उजळला तर वायू आपल्याकडे येतोय, तांबड्या बाजूला उजळला तर दूर जातोय. हाताने फिरवायच्या एका रिंगने तुम्ही सूर्यावरच्या वाऱ्याची दिशा ओळखता, मुलांना दाखवण्यासारखी ही खरी गोष्ट. मात्र फिल्टर कलता करून ट्यून होणारं यंत्र असेल तर त्यात पट्टा निळ्याकडेच सरकतो, तांबडी बाजू मिळत नाही. हवेचा दाब बदलून ट्यून होणाऱ्यांत दोन्ही मिळतात.

लहान यंत्रांत आणखी एक खोड असते. सगळ्या दृश्यभागात ट्यूनिंग सारखं नसतं, त्याच्या एखाद्याच भागात प्रॉमिनन्स ठसठशीत दिसतो. तो भाग शोधून ठेवा आणि दर वेळी प्रॉमिनन्स तिथेच आणून बघा. नाही तर मघाशी मध्यभागी पाहिलेला आणि आता कडेला पाहिलेला यांत फरक दिसणारच.

मग दुपारचं काय? तुम्ही म्हणता की सकाळचा आकार दुपारी जागेवर नसतो. माझा अंदाज असा की तुम्ही बऱ्याचदा दुसऱ्याच प्रॉमिनन्सकडे बघता. तुमची बैठक वर-खाली, डावी-उजवी फिरणारी आहे असं गृहीत धरतो. अशा बैठकीवर दिवसभरात सूर्याचं बिंब दृश्यात फिरतं. जानेवारीत बेळगावच्या अक्षांशावर सकाळी सव्वानऊला आणि माध्यान्हीनंतर तेवढ्याच वेळाने पाहिलेल्या बिंबात शंभराहून जास्त अंशांचा फरक पडतो. घड्याळाच्या तबकडीवर सांगायचं तर साडेतीन तास. सकाळी दोनच्या जागी असलेला प्रॉमिनन्स दुपारी साडेपाचच्या जागी. त्यात डायगोनलने (आयपीसआधीच्या तिरक्या आरशाने) डावं-उजवं उलटं केलेलं असतं. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य आपल्या डोक्यावरून जातो, तेव्हा तर माध्यान्हीच्या आसपास काही मिनिटांत बिंब गर्रकन फिरतं.

उपाय सोपा आहे. टेलिस्कोप हलवणं थांबवा, सूर्य आपोआप सरकू द्या. जी कड आधी बाहेर जाते ती पश्चिम. नळीचं तोंड किंचित उत्तरेला ढकला, जिकडून नवा भाग आत येतो ती उत्तर. आता उत्तरेपासून पूर्वेमार्गे अंश मोजून प्रॉमिनन्सची जागा लिहा. सूर्याचा अक्ष आकाशातल्या उत्तरेपासून वर्षभरात २६ अंशांपर्यंत दोन्ही बाजूंना झुकलेला दिसतो. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला हा झोक सर्वांत जास्त, जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात जवळपास शून्य. त्यामुळे सुरुवात जानेवारीत केलेली सोयीची.

सूर्याचं फिरणं याहून जास्त छुपं असतं. विषुववृत्ताजवळ तो आपल्या दृष्टीने दिवसाला सुमारे १३ अंश फिरतो. ५० हजार किलोमीटर उंचीचा प्रॉमिनन्स कडेच्या मागे २१ अंशांवर असला तरी त्याचं टोक दिसायला लागतं, म्हणजे दीड-पावणेदोन दिवस आधीपासून. समजा तो मागे १५ अंशांवर आहे. त्याचा खालचा साडेचोवीस हजार किलोमीटरचा भाग बिंबाआड. साडेतीन-पावणेचार तासांनी तो १३ अंशांवर आला की सव्वाअठरा हजारच आड राहतात. म्हणजे पूर्व कडेवर सकाळपासून दुपारपर्यंत प्रॉमिनन्स सहा हजार किलोमीटरने ‘वाढला’, आणि प्रत्यक्षात त्याने काहीच केलं नाही. पश्चिम कडेवर याच्या उलट, तो बसत चालल्यासारखा दिसेल. रोजचं रूप बदलतं तेही बरंचसं असंच: लांबलचक भिंत आपल्याला कधी आडवी, कधी टोकाकडून दिसते. हीच भिंत बिंबावर आली की काळ्या रेघेसारखी दिसते, तिला फिलामेंट म्हणतात. पश्चिम कडेपासून ४० अंश आत मोठं फिलामेंट दिसलं की तीन दिवसांनी तिथे प्रॉमिनन्स उभा राहणार हे आधी सांगता येतं. मुलांपुढे हे भाकीत करून बघा.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. मोनो, म्हणजे कृष्णधवल, कॅमेरा असेल तर उत्तम. प्रॉमिनन्स बिंबापेक्षा पुष्कळ फिका असतो, त्यामुळे बिंब पांढरंफटक जळू द्या. ठरवलेलं एक्स्पोजर आणि गेन संपूर्ण मालिकेत बदलू नका, नाही तर आकारातला बदल तुमचा की सूर्याचा, सांगता येणार नाही. दर मिनिटाला दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, त्यातल्या उत्तम चौकटी ऑटोस्टॅकर्ट या संगणकप्रणालीत एकत्र करा, आणि सगळी चित्रं आयएमपीपीजी या दुसऱ्या प्रणालीत जुळवून चलच्चित्र बनवा. शांत प्रॉमिनन्सला पाच मिनिटांचं अंतरही चालतं. गोल फिके-गडद पट्टे आले तर कॅमेरा अगदी किंचित तिरका करा.

वेग काढायची रीत त्यातूनच निघते. सूर्याचा व्यास १३ लाख ९२ हजार किलोमीटर. तुमच्या चित्रात बिंब १६०० पिक्सेलचं असेल तर एक पिक्सेल ८७० किलोमीटरचा. वायूची एक गाठ चार मिनिटांत २४ पिक्सेल सरकली, म्हणजे २०,८८० किलोमीटर, भागिले २४० सेकंद, ८७ किलोमीटर प्रतिसेकंद. हा आकाशाच्या पडद्यावरचा वेग. आपल्याकडे येणारा किंवा दूर जाणारा भाग यात नाही, तो ट्यूनिंगवरून फक्त अंदाजता येतो. म्हणून मिळालेला आकडा ‘किमान’ म्हणून लिहा. सूर्यावर गुरुत्वत्वरण सेकंदाला सेकंदाला २७४ मीटर. ५० हजार किलोमीटरवरून मोकळी पडलेली गाठ खाली पोचताना १६५ किलोमीटर वेगाला असायला हवी. कमानींतून ओघळणारा वायू बहुधा याहून हळू पडतो, खालचा दाब आणि चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतात. तुमचा आकडा याच्या बराच वर गेला तर आधी पिक्सेल परत मोजा.

पडताळ्यासाठी दूर जायला नको. गाँग या सौर वेधशाळांच्या जाळ्याची सहा केंद्रं जगभर हायड्रोजन-अल्फात सूर्याची चित्रं मिनिटामिनिटाला घेतात, आणि त्यातलं एक उदयपूरला आहे. आपला दिवस तोच त्यांचा दिवस. नासाच्या एसडीओ उपग्रहाची ३०४ अँगस्ट्रॉमची चित्रंही सगळे बघतात, पण तो हेलियमच्या जास्त तापलेल्या वायूचा प्रकाश आहे. तिथे तोच प्रॉमिनन्स जाडजूड आणि उंच दिसतो, म्हणून आपलं चित्र चुकलं असं समजू नये. भारताच्या आदित्य-एल१ यानावरची, पुण्याच्या आयुका संस्थेत घडलेली सूट दुर्बीणही अतिनील प्रकाशात याच थराकडे बघते.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती आपल्या शेजारची आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा विजापूर-जमखंडीवरून गेला. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांचा नातू, वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) घेऊन थांबला होता, विजापूरला कॅप्टन हेग. जमखंडीत ढग आडवे येत होते. त्यातून मिळालेल्या फटीत हर्शेलला प्रॉमिनन्सच्या वर्णपटात सलग रंगांचा पट्टा न दिसता सुट्या, झगझगीत रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. म्हणजे या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत हे त्याच सकाळी ठरलं. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने त्या रेषा इतक्या ठळक पाहिल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसताना त्यांच्याच आधाराने प्रॉमिनन्स शोधून काढले. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात लॉकियरने स्वतंत्रपणे तेच केलं. ती नारिंगी-पिवळी रेषा हेलियमची निघाली, जो पृथ्वीवर १८९५ साली रॅमसेला सापडला. तुमच्या हातातला फिल्टर त्या तांबड्या रेषेवरच बसवलेला आहे. शाळेत सांगताना गुंटूर सगळे सांगतात, जमखंडी कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

आता उसळी. शांत प्रॉमिनन्स उसळण्याआधी बहुधा काही तास हळूहळू वर सरकतो, सेकंदाला एक ते दहा किलोमीटरने. मग एकदम वेग घेतो आणि शेकडो किलोमीटरवर जातो. म्हणून साक्षीचा प्रॉमिनन्स जागेवर असताना अभ्यासाचा तासाभरात स्पष्ट वर चढला, पाय ताणले गेले, आत पीळ दिसायला लागला, तर जेवायला उठू नका. दर दोन मिनिटांनी उंची लिहा आणि नंतर आलेख काढा. सरळ रेषा अचानक वाकते तो क्षण कागदावर सापडतो. वर गेलेलं सगळं निघूनच जातं असंही नाही. सूर्याच्या पृष्ठभागाजवळ मुक्तिवेग ६१८ किलोमीटर आहे. ७ जून २०११ च्या मोठ्या उसळीत प्रचंड द्रव्य वर जाऊन बिंबावर पसरून परत कोसळलं होतं. अशा वेळी ट्यूनिंगची रिंग सतत फिरवत राहा, कारण निम्मं द्रव्य पट्ट्याबाहेर असतं.

डबल स्टॅकचं उत्तर सोपं आहे: प्रॉमिनन्ससाठी नको. दुसरा फिल्टर पट्टा अरुंद करतो, त्याने बिंबावरची फिलामेंटं आणि पोत खुलतो, पण प्रॉमिनन्स मंद होतो आणि वेगाने सरकणारा वायू आणखी लवकर पट्ट्याबाहेर जातो. तुमचा विषय हालचाल असेल तर एक अँगस्ट्रॉमचा साधा फिल्टरच बरा. पैसे खर्च करायचेच असतील तर सूर्यामागे आपोआप फिरणारी, ध्रुवताऱ्याकडे अक्ष लावता येणारी बैठक घ्या. बिंब दृश्यात फिरायचं थांबेल, कॅमेऱ्याची मालिका जुळेल, आणि वर्गातली चाळीस पोरं एकामागून एक डोळा लावायला आली तरी दर दोघांनंतर तुम्हाला सूर्य पुन्हा शोधत बसावं लागणार नाही.